सावळ्या त्वचेवर लेझर: दर विचारण्याआधी तरंगलांबी विचारा

पाच वर्षांपूर्वी माझ्या हनुवटीवर चार तपकिरी चौकोन उमटले. एका रांगेत, फरश्या बसवाव्यात तसे. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि मी एका पार्लरमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेऊन 'लेझर' करून आले होते. रात्रभर हनुवटी जळत होती. सकाळी आरशात बघितलं तर यंत्राचं टोक जिथे जिथे टेकलं होतं तिथे तिथे त्याच मापाचा डाग. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझा हात हनुवटीवर आहे. ते डाग पुसट व्हायला आठ महिने लागले.

पुढे ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी एकाच वाक्यात सगळं समजावलं: "यंत्राला केस दिसत नाही, त्याला फक्त काळं दिसतं." सावळ्या माणसाने लेझरला जाण्याआधी हे एवढं मनात पक्कं केलं तरी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं सविस्तर लिहिते आहे, कारण हनुवटीवर, ओठावर, पोटावर राठ केस येणाऱ्या मुली हा विषय घरातही कुजबुजत काढतात, आणि मग जाहिरात बघून एकट्याच कुठेतरी जाऊन भाजून घेतात.

काळ्याला काळं सापडतं, म्हणजे काय

१९८३ साली अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं. शरीरातल्या एखाद्या रंगद्रव्याला नेमका मानवेल असा प्रकाश, नेमक्या वेळेपुरता टाकला, तर तेवढीच जागा तापते आणि शेजार शाबूत राहतो. केसांच्या बाबतीत ते रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. केसाच्या मुळाशी ते भरपूर असतं, प्रकाश शोषून ते तापतं, आणि ती उष्णता मुळाच्या पेशींना जायबंदी करते.

गोऱ्या कातडीवर काळा केस असला की काम सोपं. आपल्याकडे तेच मेलॅनिन वरच्या कातडीतही पसरलेलं असतं. प्रकाश मुळापर्यंत जायच्या आधीच वाटेत शोषला जातो, आणि केसाऐवजी कातडी तापते. माझे चौकोन असेच उमटले.

यावर तोड तीन गोष्टींत आहे: तरंगलांबी, पल्सची लांबी आणि गारवा.

मेलॅनिन लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त खातं, मोठ्या तरंगलांबीचा कमी. रुबी लेझर ६९४ नॅनोमीटरचा, अलेक्झांड्राइट ७५५ चा, डायोड साधारण ८०० ते ८१० चा आणि एनडी-याग १०६४ चा. जसजसं १०६४ कडे जावं तसतसा वरच्या कातडीला बसणारा चटका कमी होतो आणि प्रकाश खोलवर पोचतो. म्हणून गडद त्वचेसाठी लाँग-पल्स एनडी-याग सर्वांत सुरक्षित धरतात. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हा तर लेझरच नाही. तो साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिसळलेला झगझगीत प्रकाश असतो, त्यातला काही भाग फिल्टरने अडवतात. गडद सावळ्या कातडीवर नवख्या हातातलं आयपीएल ही भाजण्याची सर्वांत सोपी वाट.

पल्स म्हणजे एक झोत किती वेळ चालतो ते. वरची पातळ कातडी काही मिलिसेकंदांत निवते, केसाचं जाड मूळ निवायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतं. झोत ३० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब ठेवला, तर कातडीला मधल्या मध्ये उष्णता सोडायला वाव मिळतो आणि मूळ मात्र तापत राहतं. आणि गारवा म्हणजे थंड काचेचं टोक, गार हवेचा झोत किंवा फवारा. तो वेदनेसाठी असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वरच्या कातडीची ढाल असतो.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण क्लिनिकवाले ती सांगत नाहीत. एनडी-याग कातडीला जपतो तो मेलॅनिन कमी शोषत असल्यामुळे, आणि त्याच कारणाने तो केसालाही थोडा कमी धरतो. दुखतोही जास्त. जाड, काळ्या, राठ केसांवर तो छान चालतो, पातळ लवेवर जवळजवळ नाही. सुरक्षितता हवी तर वेग थोडा सोडावा लागतो.

फरक किती पडतो

पडतो, आणि चांगला पडतो. आपल्या कातडीचा रंग अडचणीचा असला तरी आपला केस काळा आणि जाड असतो. लेझरला तोच लागतो. २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या डॉ. टीना अल्स्टर आणि सहकाऱ्यांनी टाइप ४ ते ६ त्वचेच्या २० स्त्रियांवर लाँग-पल्स एनडी-यागच्या प्रत्येकी तीन सिटिंग केल्या. वर्षभरानंतरही केस ७० ते ९० टक्के कमी होते, काखेतला परिणाम सर्वांत ठळक होता, आणि कुणालाही कायमचा व्रण राहिला नाही. क्वचित फोड आले, रंग तात्पुरता बदलला, पण ते निवळलं.

'टाइप ४' हा शब्द पुढे येत राहील म्हणून सांगते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हात कातडी भाजते की काळवंडते यावरून ही वर्गवारी केली. सुरुवातीला ती गोऱ्यांपुरतीच होती, ५ आणि ६ हे गडद गट नंतर जोडले. आपल्यातले बहुतेक ४ किंवा ५ मध्ये बसतात: गव्हाळ ते सावळे, उन्हात भाजत कमी पण रापतात पटकन.

मात्र 'कायमचे केस गेले' असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेझरला दिलेली मान्यता केस कायमचे कमी करण्याची आहे, कायमचे नाहीसे करण्याची नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांचं शीर्षकही केस 'कमी करणं' असंच आहे. काही मुळं मरतात, काही दुखावून झोपतात आणि वर्षा-दोन वर्षांनी पातळ केस घेऊन जागी होतात.

पहिली पायरी: केस का आले, ते आधी शोधा

काखा-पायांसाठी जात असाल तर ही पायरी सोडा. पण हनुवटी, जबड्याची कड, छाती, बेंबीखालची रेघ अशा ठिकाणी जाड केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर. बहुतेकींत पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सचा बिघाड, निघतं. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि गरज वाटली तर सोनोग्राफी, एवढ्यावरून चित्र बऱ्यापैकी कळतं. हार्मोन्स तसेच उधळलेले ठेवून लेझर करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायला साधारण सहा महिने लागतात, त्यामुळे उपचार आणि लेझर बरोबरीने चालू शकतात.

काही महिन्यांतच एकदम भराभर केस वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस विरळ झाले, तर लेझरचा विचारही बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. क्वचित अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ यामागे असते.

आणखी एक कारण आपल्याकडे फार दिसतं. उजळपणासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड असतं. ती महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल पडते, आणि चेहऱ्यावर लव वाढते. मग ती लव काढायला मुली लेझरला जातात आणि त्या पातळ झालेल्या कातडीवर झोत पडतो. 'मैत्रिणीने सांगितलेलं क्रीम' लावत असाल तर ते डॉक्टरांना नावासकट सांगा, ट्यूबच घेऊन जा. ते अचानक बंदही करू नका, कमी कसं करायचं ते तेच सांगतील.

दुसरी पायरी: स्वतःच्या कातडीचा स्वभाव ओळखा

रंगापेक्षा स्वभाव जास्त सांगून जातो. डास चावला तरी महिनाभर काळा ठिपका राहतो का? पुटकुळी गेली की डाग मागे ठेवते का? तसं असेल तर तुमच्या कातडीला जळजळीनंतर काळं पडायची सवय आहे, आणि लेझर हीसुद्धा एक जळजळच. याने लेझर बाद होत नाही, पण सेटिंग कमीपासून सुरू करावं लागतं. कान टोचल्यावर किंवा टाक्यांच्या जागी कातडी फुगून गाठ झाली असेल, तर ते न विसरता सांगा. कोड असेल तर तेही.

मग शरीराचे भाग वेगवेगळे बघा. माझा चेहरा गव्हाळ, पण मान आणि काखा बऱ्याच गडद आहेत. पीसीओएस आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेला जी काळी, मखमली वळी पडते, ती घासून जात नाही, आणि लेझरला ती सरळ 'केस' वाटते. चेहऱ्याला चालणारं सेटिंग काखेला तसंच लावलं की फोड येतात. भाग बदलला की सेटिंग बदलतं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गोंदण असेल तर त्यावर झोत अजिबात नको. माझ्या आत्याच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आहेत, आमच्या घरात तिच्या पिढीच्या सगळ्याच बायकांना होते. गोंदणाचा रंग झोत शोषतो आणि तिथली कातडी जळते. ठिपक्यांपासून अंतर ठेवून, ते झाकून, भोवतीचेच केस घ्यावे लागतात. तीळ आणि लासे यांचंही तसंच. हातावरची मेंदीही त्यात धरा. मेंदीचा रंग पूर्ण उतरेपर्यंत हाताचं लेझर थांबवा.

तिसरी पायरी: जागा निवडा

मी आता फोन केला की दर शेवटी विचारते. आधी हे विचारते:

तुमचं यंत्र कोणतं, आणि माझ्यावर कोणती तरंगलांबी वापरणार? 'ट्रिपल वेव्हलेंग्थ आहे, सगळ्यांना चालतं' एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारा. ७५५, ८०८ आणि १०६४ एकत्र टाकणारी यंत्रं आता बऱ्याच ठिकाणी आहेत, पण गडद कातडीसाठी त्यातला कोणता भाग चालू ठेवतात ते सांगता आलं पाहिजे. लांब पल्सचा आणि चांगल्या गारव्याचा डायोड टाइप ४ आणि ५ वर अनुभवी हातात ठीक चालतो. त्याहून गडद असाल किंवा रापलेले असाल तर १०६४ चाच आग्रह धरा.

डॉक्टर स्वतः तपासतात का, सेटिंग कोण ठरवतं, आणि भाजलं तर त्याच दिवशी कोण बघणार? यंत्र प्रशिक्षित तंत्रज्ञाने चालवलं तरी हरकत नाही, पण बोलावल्यावर दारात येतील एवढ्या अंतरावर त्वचेचे डॉक्टर हवेत. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. पांढरा कोट घातलेली प्रत्येक व्यक्ती डॉक्टर नसते.

टेस्ट पॅच करता का? 'गरज नाही, आजच सुरू करू' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. 'आजच भरलं तर निम्मा दर' असं म्हणाले तरी ठेवून द्या. पॅकेज घ्यायचंच असेल तर टेस्ट पॅच आणि पहिली सिटिंग झाल्यावर.

आणि सेटिंग कागदावर लिहून देता का? दर वेळी ऊर्जा, पल्स आणि टोकाचा आकार माझ्या वहीत लिहून घेते. क्लिनिक बदललं, माणूस बदलला, तरी मागे काय झालं होतं ते माझ्या हातात असतं.

घरी वापरायच्या आयपीएल यंत्रांबद्दल फार विचारलं जातं. बहुतेकांच्या खोक्यावर रंगांचा तक्ता असतो आणि सर्वांत गडद रंगांवर फुली मारलेली असते. त्या फुलीत तुम्ही बसत असाल तर विषय संपला. सेन्सर अडवतो म्हणून तळहातावर टेकवून त्याला फसवणाऱ्यांचे प्रयोग बघितले आहेत. कृपा करून ते करू नका.

चौथी पायरी: चार-सहा आठवडे आधीपासून

थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा, एपिलेटर बंद. मूळच उपटलं तर झोताला तापवायला काही उरत नाही. ब्लीचही बंद. ब्लीचने केसाचा रंग जातो, आणि रंग गेला की लेझर आंधळा होतो.

मग या काळात करायचं काय? रेझर किंवा ट्रिमर. इथे घराघरांत वाद होतो. "बाईनं तोंडाला वस्तरा लावायचा?" असं माझी आई दोन दिवस म्हणत होती. वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत आणि वाढतही नाहीत. केसाचं टोक मुळात निमुळतं असतं, वस्तरा ते सपाट कापतो, म्हणून बोटाला टोचतं. वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. सिटिंगच्या आदल्या दिवशी मऊ जेल लावून केसाच्या दिशेने हलक्या हाताने करायचं.

ऊन टाळणं सर्वांत अवघड. रापलेल्या कातडीत वरचं मेलॅनिन वाढलेलं असतं, म्हणजे चटका बसायला आयतं इंधन. निदान चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर जपायचं. मी एप्रिल-मेमध्ये कधीच सिटिंग घेत नाही. पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर सुरुवात करते. ढगांतूनही ऊन झिरपतंच, त्यामुळे एसपीएफ ३० किंवा ५० रोज. सावळ्या कातडीला नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग चढतात. त्याला आयर्न ऑक्साइड असलेलं, फिकट तपकिरी रंगाचं सनस्क्रीन जास्त आडवं येतं, पांढरं तेवढं नाही. शेतात किंवा उन्हातान्हात रोजचं काम असेल तर चेहऱ्याआधी काखांपासून सुरुवात करा, त्यांना ऊन लागत नाही.

रेटिनॉल, सॅलिसिलिक, ग्लायकोलिक अशी क्रीम साधारण आठवडाभर आधी बंद. डॉक्सिसायक्लिनसारख्या, उन्हाची चुरचुर वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा. ओठाजवळ नागिणीच्या जातीचा फोड पूर्वी येऊन गेला असेल तर तेही सांगा, तोंडाभोवती लेझर करताना आधी गोळी देतात. गरोदरपणात थांबा, घाई कसलीच नसते.

लग्नासाठी करायचं असेल तर हिशेब असा: चेहऱ्याच्या दोन सिटिंगमध्ये ४ ते ६ आठवडे, अंगाच्या ६ ते ८. सहा सिटिंग धरल्या तर चेहऱ्यालाच पाच ते सात महिने जातात. शेवटची सिटिंग हळदीच्या निदान महिनाभर आधी संपलेली हवी. तारीख ठरली की नऊ महिने मागे मोजा. तेवढे महिने हातात नसतील तर लग्न होऊ द्या, मग सुरू करा.

टेस्ट पॅच

ज्या भागाचं लेझर करायचं त्याच भागावर, पण नजरेआड राहील असा कोपरा. हनुवटी असेल तर जबड्याखाली. कानामागे करून काही कळत नाही, तिथली कातडी वेगळी. दोन-तीन झोत, दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे. गडद कातडीत फोड आणि डाग उशिरा दिसतात, म्हणून अर्ध्या तासात 'बघा, काही झालं नाही' याला अर्थ नाही. निदान ४८ तास, शक्य तर एक ते दोन आठवडे थांबा. रोज एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढा. भाग बदलला किंवा यंत्र बदललं की पॅच पुन्हा.

त्या दिवशी

क्रीम, पावडर, काजळ, अत्तर काही नको. हळदीचा किंवा कुंकवाचा अंश त्वचेवर नको. यंत्राच्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा तुमच्याही डोळ्यांवर हवा आणि चालवणाऱ्याच्याही. डोळे मिटणं पुरत नाही. भुवयांच्या खाली, पापणीजवळ लेझर नकोच. डोळ्याच्या आत सूज आल्याच्या आणि बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

बधिर करणारं क्रीम जपून. २००७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, कारण लेझरआधी दोन्ही पायांना असं क्रीम फासून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या होत्या. त्यातलं बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, मोठ्या भागावरून रक्तात उतरलं की झटके येतात, हृदय बिघडतं. हनुवटीएवढ्या जागेला, डॉक्टरांनी दिलं तेवढंच लावावं. पूर्ण पाय-हातांना घरून लावून जाऊ नका. शिवाय पूर्ण बधिर कातडी तुम्हाला भाजल्याचं सांगतही नाही.

झोत पडताना रबरबँड फटकन लागावा तसं वाटतं. जळक्या केसाचा वास येतो. त्या धुराला ओढणारं यंत्र असेल तर उत्तम. पहिले चार-पाच झोत टाकून थांबायला सांगा. केसाच्या मुळाभोवती काटा आल्यासारखे बारीक उंचवटे आले की झोत योग्य जागी लागतोय. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून लालीची वाट बघत ऊर्जा वाढवत जाणारी व्यक्ती धोक्याची. कातडी राखाडी-पांढरट पडली, सुरकुतल्यासारखी झाली, किंवा झोत थांबल्यावरही तिथे आग होतच राहिली, तर मोठ्याने 'थांबा' म्हणा. लाजू नका. मी त्या दिवशी पार्लरमध्ये लाजले होते.

टोकावर जळकं केस चिकटलं की पुढचा प्रत्येक झोत तिथे डाग पाडतो. मध्ये मध्ये टोक पुसतात का बघा. जेल वापरत असतील तर ते सगळीकडे सारखं हवं.

नंतरचे पंधरा दिवस

कापडात गुंडाळलेला गार पॅक, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दोन दिवस गरम पाणी, जिम, पोहणं नको. आठवडाभर फेशियल, ब्लीच, साल काढणारं काहीही नको. स्कूटरवर स्कार्फ बांधत असाल तर मऊ सुती आणि सैल बांधा, घासण्यानेही डाग चढतो.

आठ-दहा दिवसांनी केस वाढल्यासारखे वाटतात आणि मैत्रिणी म्हणतात, पैसे वाया गेले. ते मेलेले केस बाहेर ढकलले जात असतात. अंघोळीत आपोआप गळतात, ओढू नका.

भाजलंच तर: दहा-वीस मिनिटं साधं गार पाणी. बर्फ थेट लावू नका. टूथपेस्ट, हळद, लिंबू, कोरफडीचं बाजारी जेल काही नको. फोड फोडू नका. त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, त्या क्लिनिकने 'होतं असं, जाईल' म्हटलं तरी जा. पहिल्या एक-दोन दिवसांत जळजळ आटोक्यात आली तर मागे राहणारा डाग बराच कमी पडतो. काळा डाग महिने घेतो पण जातो. कातडी पांढरी पडली तर त्याला आणखी वेळ लागतो. पुढची सिटिंग ती जागा पूर्ण मूळ रंगावर आल्याशिवाय नाही, पॅकेजची मुदत संपली तरी नाही.

वाढलेले केस

याबद्दल आधी कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहिते. काहींना लेझरनंतर केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. चेहरा, जबडा आणि मान या जागी, आणि टाइप ३ ते ५ च्या, हार्मोनची तक्रार असलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. म्हणजे नेमक्या आपल्यात. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण ०.६ ते १० टक्क्यांच्या दरम्यान सापडलं आहे. मूळ मरण्याइतकी नाही पण जागं होण्याइतकी उष्णता शेजारच्या लवेला मिळाली की असं होत असावं, असा समज आहे. म्हणून गालावरच्या मऊ लवेला लेझर लावू नका, 'फुल फेस' पॅकेज तर नकोच. जिथे राठ केस आहेत तेवढीच जागा घ्या. दोन-तीन सिटिंगनंतर हद्दीबाहेर नवे जाड केस दिसले तर थांबा, डॉक्टरांना फोटो दाखवा, सेटिंग किंवा यंत्र बदलायचं का ते ठरवा. तशीच रेटत राहू नका.

कुठे थांबायचं

दर सिटिंगला जाड केस मोजा. माझ्या हनुवटीवर सुरुवातीला साठेक होते. चौथीनंतर वीस, सातवीनंतर सात-आठ. सलग दोन सिटिंगमध्ये आकडा हलला नाही की दर महिन्याला जाणं बंद करा आणि सहा महिन्यांवर या. पीसीओएस असेल तर सिटिंग जास्त लागतात आणि मधूनमधून एखादी घ्यावीच लागते, हे पैशाच्या हिशेबात आधीच धरा.

पुरुषांनाही दोन शब्द. दाढी केल्यावर मानेवर केसतोड आणि आत वळलेले केस यांनी हैराण असाल, तर जाड केसांच्या सावळ्या मानेवर एनडी-याग हा खरोखर उपचार आहे, हौस नाही.

पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसतं, तिथे कोणताच लेझर चालत नाही, कुणी काहीही म्हणो. त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका मुळात सुई घालून. वेळखाऊ आहे, आणि कातडी डाग धरणारी असेल तर तिथेही आधी दोन-चार केसांवर करून महिनाभर वाट बघावी. माझ्या हनुवटीवर आता उरलेल्या सात-आठांतले तीन पांढरे झालेत. त्यांना मी बारीक कात्रीने कापते. उरलेल्यांसाठी जुलैमध्ये, पाऊस नीट लागला की, वही घेऊन जाईन.